कॅलेंडर घरी ठेवताना

स्वतःच्या घरात किंवा भाड्याच्या एखाद्या लहानशा यंत्रावर कॅलेंडर सर्व्हर चालवायचा आणि फोन त्याला जोडायचा असे ठरवले, की पाच-सहा नावे समोर येतात: रॅडिकाल, बायकाल, डॅवीकॅल, झँडिकोस, नेक्स्टक्लाउड. मग तुलना सुरू होते ती सोयींची. कोणाचे पान देखणे, कोण मेमरी कमी खातो, कोणाला डेटाबेस लागतो. या तुलनेत चूक काही नाही, पण ती दुय्यम आहे. खिशातल्या यंत्राशी कॅलेंडर जुळवण्याच्या या व्यवहाराला तीस वर्षे होत आली. या काळात यंत्रे गेली, त्यांच्या कंपन्या गेल्या, कचेऱ्या ज्यांच्यावर विसंबून होत्या ते सर्व्हरही बंद पडले. टिकली ती नोंद लिहिण्याची एक पद्धत आणि ती नोंद मागण्या-देण्याची एक सार्वजनिक रीत. म्हणून माझे म्हणणे असे, की निवडताना पहिला प्रश्न हा असावा: हा सर्व्हर उद्या बंद झाला, तर सगळ्या नोंदी जशाच्या तशा उचलून दुसरीकडे नेता येतील का, आणि फोनवरचे काम न अडता हे होईल का? बाकीचे प्रश्न यानंतरचे. हा क्रम का, याचे उत्तर इतिहासातच मिळते.

१९९६ च्या मार्चमध्ये पामचा ‘पायलट’ बाजारात आला. खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायऱ्या त्याआधीही होत्या, पण संगणकावरची वही आणि खिशातली वही एकच राहावी ही गोष्ट पायलटने सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. यंत्र संगणकाला जोडलेल्या पाळण्यात, म्हणजे क्रेडलमध्ये, ठेवायचे आणि पाळण्यावरचे एक बटण दाबायचे, एवढेच. याला हॉटसिंक म्हणत. त्यामागचा विचार आजही शिकण्यासारखा आहे. बदललेल्या प्रत्येक नोंदीवर तशी खूण असे. मागची जुळवणी याच संगणकाशी झाली असेल, तर फक्त खूण असलेल्या नोंदी हलत. दुसऱ्या संगणकाशी गाठ पडली, तर सगळ्या नोंदी एकेक करून ताडल्या जात. आणि एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली आढळली, तर यंत्र कोणतीही बाजू खोटी ठरवत नसे. दोन्ही प्रती ठेवी आणि निवाडा माणसावर सोडी. जुळवणीतले मूळ पेच पामने असे लवकर ओळखले होते. कमतरता होती ती वेगळीच. ही सारी व्यवस्था पामची, पामपुरती होती. जून २००९ मध्ये त्याच कंपनीने ‘पाम प्री’ आणला तेव्हा हॉटसिंक त्यात नव्हते, आणि वर्षानुवर्षे जपलेल्या वह्या नव्या यंत्रात नेण्यासाठी आडवाटा शोधाव्या लागल्या.

पायलट आला त्याच वर्षी दुसरीकडे निराळे काम चालू होते. ॲपल, आयबीएम, एटीअँडटी आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ नावाच्या गटाने १९९६ मध्ये ‘व्हीकॅलेंडर’चा आराखडा प्रसिद्ध केला. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने तो पायाभूत धरला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४४५ या दस्तऐवज-क्रमांकाने ‘आयकॅलेंडर’ जाहीर झाले. त्याच्या दोन लेखकांपैकी फ्रँक डॉसन लोटसचे आणि डेरिक स्टेनरसन मायक्रोसॉफ्टचे. कचेऱ्यांच्या बाजारात या दोन कंपन्या एकमेकींशी झुंजत होत्या, तरी नोंद कशी लिहायची याबाबत त्यांच्या माणसांना एकमत करता आले. ही फाइल साध्या मजकुराची आहे. सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, विषय, पुनरावृत्तीचा नियम आणि जगात दुसऱ्या कोणत्याही नोंदीला नसेल असा एक ओळखक्रमांक. पुढची सगळी जुळवणी या ओळखक्रमांकाच्या आधाराने चालते. सप्टेंबर २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने या मानकाची डागडुजी केली, पण घडण तीच ठेवली.

या घडणीतला एक तपशील मराठी वापरणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. आयकॅलेंडरच्या फाइलीतली ओळ ७५ बाइटांहून लांब होऊ नये, लांब झाली तर तोडून पुढच्या ओळीत न्यावी, असा संकेत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार हीदेखील स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणजे जेमतेम २५ चिन्हांत ओळ भरते. इंग्रजी शीर्षकात क्वचित येणारा हा प्रसंग मराठी शीर्षकात रोजचा आहे. ओळ नेमकी एखाद्या चिन्हाच्या पोटात तुटू शकते, आणि काही साध्या प्रणाली ती तशी तोडतात हे मानकानेच मान्य केले आहे. त्यावर उपाय असा सांगितला आहे, की वाचणाऱ्याने आधी ओळी जोडाव्यात आणि मगच अक्षरे वाचावीत. म्हणून नवा सर्व्हर पारखताना एक लांबलचक मराठी शीर्षक टाकून ते फोनवरून संगणकावर आणि तिथून परत सुखरूप येते का, हे पहिल्याच दिवशी पाहिलेले बरे.

नोंद लिहिण्याची पद्धत ठरली, पण ती मागायची कशी हे ठरायला आणखी आठ वर्षांहून अधिक काळ गेला. आयईटीएफच्या गटाने त्यासाठी ‘कॅलेंडर ॲक्सेस प्रोटोकॉल’, म्हणजे कॅप, उभारायला घेतला. महत्त्वाकांक्षा मोठी होती: स्वतंत्र वाहतूक व्यवस्था आणि नोंदी शोधण्यासाठी डेटाबेसच्या धर्तीची खास भाषा. डिसेंबर २००५ मध्ये त्याचा दस्तऐवज निघाला, पण ‘प्रायोगिक’ अशा शिक्क्यासह, आणि बाजारात त्याला कोणी उचलले नाही. दरम्यान लोकांनी तात्पुरती वाट काढली होती. २००२ मध्ये आलेल्या ॲपलच्या आयकॅल प्रोग्राममधून आख्खे कॅलेंडर एकच फाइल म्हणून वेबवर ठेवता येई आणि इतरांना ते पाहता येई. वाचायला हे पुरेसे होते, लिहायला मुळीच नाही. दोघांनी एकाच वेळी फाइल बदलली, तर नंतर आलेला आधीच्याचे सगळे पुसून टाकी.

यावरचे उत्तर २००३ मध्ये लिसा डसॉल्ट यांनी मांडलेल्या मसुद्यातून पुढे आले. नवी यंत्रणा उभी करण्याऐवजी त्यांनी हाताशी असलेले वापरले. वेबवरच्या फाइली दुरून बदलता याव्यात यासाठी वेबडॅव नावाचे मानक १९९९ पासून होतेच. त्याच्यावर कॅलेंडर बसवायचे: प्रत्येक कॅलेंडर हा एक फोल्डर, प्रत्येक भेट ही त्यातली स्वतंत्र फाइल आणि तिला स्वतःचा पत्ता. सर्व्हर प्रत्येक फाइलीला तिच्या त्या घडीच्या स्थितीची एक खूण देतो. फोन बदललेली नोंद पाठवताना ‘माझ्याकडे अमुक खुणेची प्रत होती’ असे सांगतो. मधल्या काळात दुसऱ्या कोणी ती बदललेली असेल, तर सर्व्हर नवी प्रत नाकारतो, आणि कोणाचेही लिखाण नकळत पुसले जात नाही. सायरस डाबू, बर्नार्ड देरुइसो आणि डसॉल्ट या तिघांच्या नावाने मार्च २००७ मध्ये हे मानक आरएफसी ४७९१ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यालाच कॅलडॅव म्हणतात. कॅप का पडला आणि कॅलडॅव का टिकला याची कारणे अनेक सांगता येतील. मला सर्वांत वजनदार वाटणारे कारण हे, की कॅलडॅव बनवणाऱ्याला वेब सर्व्हर आणि साध्या फाइली एवढ्यावर सुरुवात करता येत होती. एकटा प्रोग्रामर सुट्टीच्या दिवसांत लिहू शकेल इतपत ते आटोपशीर होते, आणि पुढे बरेचसे तसेच घडले. न्यूझीलंडमध्ये अँड्र्यू मॅकमिलन यांनी डॅवीकॅल रचला. एव्हर्ट पॉट यांच्या सेबरडॅव या पीएचपी लायब्ररीवर बायकाल उभा राहिला आणि ओनक्लाउड या प्रणालीने कॅलेंडरासाठी तीच घेतली. पायथनमध्ये लिहिलेला रॅडिकाल फ्रान्समधून आला.

मोठ्या कंपन्यांनी या मानकाला बळ दिले हे नाकारण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये ॲपलने आपल्या सर्व्हर प्रणालीत कॅलडॅव सर्व्हर घातला, तोही खुल्या परवान्याखाली. जून २००९ मध्ये आयफोनच्या प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत कॅलडॅवची सोय आली आणि कोणाचाही सर्व्हर फोनच्या सेटिंगमध्ये थेट टाकता येऊ लागला. आज आयफोनवर हे काम दोन मिनिटांत होते ते त्या निर्णयामुळे. पण याच ॲपलने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले, की आपल्या सर्व्हर प्रणालीतल्या कॅलेंडरासह बऱ्याच सेवा आता निवृत्त होणार. एप्रिल २०२२ मध्ये ते सबंध उत्पादनच बंद झाले. २०१८ च्या घोषणेच्या वेळी कंपनीने पर्यायांची जी यादी दिली तीत रॅडिकालचे नाव होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने आपले गिऱ्हाईक मोजक्या माणसांनी चालवलेल्या फुकट प्रोग्रामकडे वळवावे, हे मला या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते. ते वळवता आले याचे कारण दोन्हीकडची नोंद एकाच पद्धतीने लिहिलेली होती आणि फोन दोन्हीकडे एकाच रीतीने बोलत होता.

दुसरे उदाहरण गूगलचे. १३ मार्च २०१३ रोजी गूगलने आपली ‘रीडर’ सेवा बंद करण्याची घोषणा केली आणि तिच्यावर इतका गदारोळ झाला, की त्याच दिवसाची दुसरी घोषणा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. सप्टेंबरपासून कॅलडॅवचे दार फक्त निवडक, मान्यताप्राप्त विकसकांना उघडे राहील, बाकीच्यांनी गूगलचा स्वतःचा मार्ग वापरावा, असे तिच्यात म्हटले होते. विकसकांनी हरकत घेतल्यावर जूनमध्ये हा निर्णय मागे घेतला गेला आणि दार सर्वांना उघडे राहिले. इथे एक आक्षेप रास्तपणे येतो. गूगलमधून नोंदींची फाइल केव्हाही उतरवून घेता येते, मग बाहेर पडण्याची मोकळीक तिथेही आहेच ना? आहे, पण ती एकदा सामान हलवण्याची मोकळीक आहे. उतरवलेली फाइल त्या घडीची असते, पुढच्या मिनिटाला ती शिळी होते. फोन, संगणक, घरातल्या इतरांचे फोन हे सगळे रोज ज्या दारातून ये-जा करतात ते दार उघडे ठेवायचे की नाही, हे २०१३ च्या त्या तीन महिन्यांत एकाच कंपनीच्या मर्जीवर लटकले होते. निर्णय फिरला हे चांगलेच झाले. पण फिरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे त्यातून स्पष्ट दिसले.

अँड्रॉइडच्या बाबतीत हे आणखी ठळक होते. अँड्रॉइडने कॅलडॅव फोनच्या मूळ प्रणालीत कधी घातलेच नाही. नोंदी साठवण्याची जागा आणि बाहेरच्या ॲपला तिथे जुळवणी करू देणारी चौकट मात्र दिली. ती पोकळी ऑस्ट्रियातल्या एका छोट्या चमूने २०१३ पासून भरून काढली. त्यांचे डॅवड्रॉइड, आताचे डॅवएक्स५, फोनमधल्या कोणत्याही कॅलेंडर ॲपला कॅलडॅव सर्व्हरशी जोडते. खुल्या ॲपच्या एफ-ड्रॉइड भांडारात ते विनामूल्य मिळते. भारतात बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असल्याने इथल्या माणसाला सर्व्हरइतकीच या जोडणाऱ्या ॲपचीही निवड करावी लागते. बाकीची अडचण परिस्थितीने हळूहळू सोपी केली. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टने सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. त्यापूर्वी ती बहुतेकदा विकत घ्यावी लागत किंवा फोनच्या इशाऱ्यांशी झगडावे लागे.

आता सर्व्हरांकडे त्या पहिल्या प्रश्नाच्या नजरेने पाहावे. रॅडिकाल प्रत्येक भेट डिस्कवर एकेक आयसीएस, म्हणजे आयकॅलेंडर, फाइल म्हणून ठेवतो. प्रोग्राम काढून टाकला तरी फोल्डर उरतो आणि तो साध्या एडिटरमध्येही वाचता येतो. झँडिकोस त्याच फाइली गिटमध्ये ठेवतो, त्यामुळे प्रत्येक बदलाचा मागोवा आपोआप राहतो. बायकाल एसक्यूलाइट किंवा मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये साठवतो, डॅवीकॅल पोस्टग्रेसमध्ये. तिथूनही नोंदी निघतात, पण त्यासाठी सर्व्हर चालू असावा लागतो किंवा डेटाबेसची जाण असावी लागते. नेक्स्टक्लाउड कॅलेंडराबरोबर फाइली, फोटो, गप्पा असा सगळा संसार घेऊन येतो. तो संसार हवा असेल तर उत्तम, फक्त कॅलेंडर हवे असेल तर नुसत्या देखभालीतच दमछाक होते. २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून फुटून नेक्स्टक्लाउड निघाला तेव्हा हजारो लोकांनी स्थलांतर केले आणि त्यांची कॅलेंडरे शाबूत राहिली, हेही नोंदवण्याजोगे आहे. एका कुटुंबापुरता विचार केला तर माझा कौल रॅडिकाल किंवा झँडिकोसच्या बाजूने आहे. निमंत्रणे पाठवणे, त्यांची उत्तरे गोळा करणे हे काम मोठे असेल, तर मात्र हे छोटे सर्व्हर अपुरे पडतील. निमंत्रणांचे स्वयंचलित मानक, २०१२ चे आरएफसी ६६३८, राबवायला अवघड आहे आणि तिथे मोठ्या प्रणालींचा वरचष्मा आहे.

सर्वांत गंभीर हरकत अशी: घरचा सर्व्हर बुडेल. वीज जाईल, मेमरी कार्ड खराब होईल, अद्ययावत करायचे राहील. ही भीती खरी आहे आणि ‘नोंदी प्रत्येक फोनवर असतातच’ हे तिचे पुरेसे उत्तर नाही, कारण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद सिंकमुळे सगळीकडून पुसली जाते. पण साध्या फाइलींचा फोल्डर रोज दुसऱ्या डिस्कवर उतरवणे हे संगणकाच्या जगातले सर्वांत जुने आणि सोपे काम आहे. पोहोचण्याची अडचणही आहे. भारतात अनेक घरगुती इंटरनेट जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत येता येत नाही. त्यासाठी वायरगार्डसारखा खासगी बोगदा, नाहीतर भाड्याचे यंत्र असे उपाय आहेत. पण मुळात कॅलेंडर हे सतत जोडलेले असावेच लागते असे नाही. नोंदी फोनमध्ये राहतात, दिवसभर तिथेच बदलता येतात आणि घरी वायफायच्या टप्प्यात आल्यावर जुळतात. पामचे वापरकर्ते पाळण्यात यंत्र ठेवून नेमके एवढेच करत होते आणि त्यांची कामे अडत नव्हती. गुप्ततेबद्दल मात्र भाबडेपणा नको. कॅलडॅव सर्व्हरला नोंदी उघड दिसतात, आणि तो भाड्याच्या यंत्रावर असेल तर यंत्राच्या मालकालाही त्या पाहणे अशक्य नाही. फोनमध्येच कुलूपबंद करून पाठवणारी एटसिंकसारखी व्यवस्था हवी असेल, तर कॅलडॅव बोलण्यासाठी मध्ये एक दुभाषी प्रोग्राम बसवावा लागतो. ज्याची गरज तशी आहे त्याने ती किंमत द्यावी.

खुली मानके थोड्याच माणसांच्या खांद्यावर उभी असतात, ही हरकतही टाळता येणार नाही. कॅलेंडराची वेळ बरोबर लागते ती जगभरच्या वेळ-विभागांच्या सार्वजनिक संग्रहामुळे, आणि आर्थर डेव्हिड ओल्सन व पॉल एगर्ट यांनी तो वर्षानुवर्षे सेवाभावाने सांभाळला होता. सप्टेंबर २०११ च्या अखेरीस एका ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने जुन्या वेळांच्या माहितीवर हक्क सांगत त्या दोघांवर दावा लावला आणि संग्रह काही दिवस बंद पडला. त्याच ऑक्टोबरात इंटरनेटची नावे-पत्ते सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्याची जबाबदारी घेतली, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये दावा मागे घेतला गेला. संग्रहाच्या प्रती सर्वत्र होत्या, म्हणून त्याला नवे घर सापडायला वेळ लागला नाही.

मानकाच्या स्वतःच्या मर्यादेची हरकत मराठी वाचकाला सर्वांत जवळची आहे. आयकॅलेंडरमधला पुनरावृत्तीचा नियम ग्रेगरियन वर्ष गृहीत धरतो. दर वर्षी ३ जानेवारी असे त्यात सांगता येते, दर महिन्याची वद्य चतुर्थी असे सांगता येत नाही. मे २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ ने चिनी, हिब्रू, इथिओपियन अशा दिनगणनांना नियमात जागा दिली, अधिक महिना लिहिण्याचीही सोय केली. पण ज्या दिनगणनांच्या यादीवर ते मानक टेकलेले आहे तीत भारताचे राष्ट्रीय सौर कॅलेंडर आहे, तिथींचे पंचांग नाही. कारण केवळ दुर्लक्षाचे नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी होते. ती कधी १९-२० तासांत संपते तर कधी २६ तासांहून लांबते, म्हणून तिथींचा क्षय आणि वृद्धी होते. शिवाय संकष्टी धरायची ती चंद्रोदयाला चतुर्थी ज्या दिवशी असेल त्या दिवशी, आणि चंद्रोदय गावागणिक बदलतो. मुंबईतल्या आजीची आणि कॅलिफोर्नियातल्या नातीची संकष्टी कधीकधी वेगवेगळ्या तारखांना येते. हे एका ओळीच्या नियमात बसणारे गणित नाही.

तरीही याच मर्यादेत स्वतःच्या सर्व्हरचा उपयोग ठळकपणे दिसतो. मोठ्या कंपनीचे सण-सुट्ट्यांचे तयार कॅलेंडर सबंध देशासाठी एकच असते. घरच्या सर्व्हरवर पंचांगाचे गणित करणाऱ्या प्रोग्रामकडून आपल्या गावाच्या अक्षांश-रेखांशांसाठी पुढच्या काही वर्षांच्या संकष्ट्या, एकादश्या, आजोबांच्या श्राद्धाची तिथी हे सगळे सुट्या नोंदी म्हणून लिहवून घेता येते. त्यांचे वेगळे कॅलेंडर करून सगळ्या फोनांना जोडता येते, आणि नात परदेशी असेल तर तिच्या गावासाठी दुसरे. प्रत्येक नोंदीचा ओळखक्रमांक तिथी आणि वर्ष यांवरून पक्का बांधला, तर पुढे पंचांगाचे गणित सुधारून फाइली पुन्हा लिहिल्या तरी फोनवर जुन्या नोंदीच दुरुस्त होतात, दुहेरी नोंदी साचत नाहीत.